गॅस संपलाच नव्हता : एका फ्रीजचे तीन ‘रिपेअर’

फ्रीज आठ वर्षांचा. २४० लिटरचा, दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री. ऐन मे महिन्यात वरच्या फ्रीजरमध्ये बर्फ होतोय, पण खाली दूध नासतंय, कोथिंबीर दोन दिवसांत मऊ पडतेय, अशी अवस्था. मधूनच मागून ‘खर्र खर्र’ असा आवाज. घरात दोघंच, साठीपुढचे. नेटवर ‘सर्व्हिस सेंटर’ म्हणून जो पहिला नंबर दिसला त्यावर फोन लावला. पुढे महिनाभरात दहा हजारांहून जास्त रुपये गेले आणि शेवटी फ्रीजही गेला. हा प्रकार इतक्या घरांत याच क्रमाने घडतो, की प्रत्येक फेरीत आत काय चाललं होतं ते नीट उलगडून सांगायला हवं.

पहिली फेरी. मेकॅनिकने फ्रीज पुढे ओढला, कॉम्प्रेसरला हात लावला. “काका, बघा किती तापलाय. गॅस संपलाय, म्हणून लोड येतोय.” चालू कॉम्प्रेसर तापतोच. उन्हाळ्यात त्यावर हात फार वेळ ठेवता येत नाही आणि तेच नॉर्मल आहे. मग गॅसच्या गेजची नळी जोडली आणि काटा शून्याच्या खाली दाखवला. काकांना पटलं. पटणारच!

या काट्यातच खरी मेख आहे. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो. फ्रीज चालू असताना सक्शनच्या, म्हणजे गॅस कॉम्प्रेसरमध्ये परत ओढला जातो त्या बाजूला त्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा कमीच असतो, म्हणजे सगळं ठणठणीत असतानाही गेजचा काटा शून्याखाली उतरतो. एसीच्या गेजवर शंभराच्या वर काटा बघायची सवय असलेल्या माणसाला हे ‘गॅस नाही’ असं वाटतं. दुसरी गोष्ट, घरगुती फ्रीजला गेज लावायची जागाच नसते. कारखान्यात गॅस भरून नळीचं तोंड कायमचं बंद केलेलं असतं. गेज लागलं, म्हणजे त्याने नळीला भोक पाडून वाल्व बसवला. तोवर गळत नसलेल्या लाइनला गळायची जागा त्याच दिवशी तयार झाली.

त्यानंतर त्याने फ्रीजरच्या आतली मागची प्लास्टिकची पट्टी काढली, पातेलंभर गरम पाणी मागितलं, ‘कॉइल साफ केली’, बाहेर छोटा सिलिंडर लावून पाच मिनिटं सूं सूं केलं आणि ३२०० रुपये घेतले. संध्याकाळी पाणी गार. सगळे खूश.

काम केलं ते फक्त गरम पाण्याने.

बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गारवा तयार करणारी कॉइल एकच, फ्रीजरच्या मागच्या पट्टीआड. तिथली गार हवा पंखा वर आणि खाली ढकलतो. कॉइलवर बाष्प गोठतं, म्हणून दर काही तासांनी टायमर किंवा बोर्ड कॉम्प्रेसर थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर तो बर्फ वितळवतो. पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरून उडून जातं. या डीफ्रॉस्टच्या, म्हणजे बर्फ वितळवायच्या साखळीत हीटर, बायमेटल थर्मोस्टॅट (तापमानानुसार हीटर जोडणारा-तोडणारा स्विच) आणि थर्मल फ्यूज (फार तापलं तर वीज तोडणारा) असे तीन छोटे भाग असतात. यातला एक जरी गेला की बर्फ वितळत नाही, साचत जातो, हवेची वाट बंद होते. फ्रीजर कॉइलला चिकटून असल्याने गार राहतो, खालचा कप्पा उपाशी. पंख्याचं पातं बर्फाला घासलं की ती ‘खर्र खर्र’. गरम पाण्याने बर्फ गेला, वाट मोकळी झाली, फ्रीज सुधारला. हीटर चालत नव्हताच, त्यामुळे बर्फ पुन्हा साचायला आठ-दहा दिवस पुरतात.

इथे नवव्या दिवशी दूध पुन्हा नासलं.

दुसरी फेरी. “गॅस भरूनही टिकत नाही म्हणजे कॉम्प्रेसर वीक झाला. वर्कशॉपला न्यावा लागेल.” ७५०० रुपये ठरले. फ्रीज दोन दिवसांनी परत आला, कॉम्प्रेसर काळा कुळकुळीत, रंगाचा वास येणारा, स्टिकर गायब. फ्रीज अगदी नव्यासारखा गार करत होता. का नाही करणार? दोन दिवस बंद राहून बर्फ आपोआप वितळला होता. कॉम्प्रेसरवर स्प्रेचा एक हात फिरला होता, एवढंच.

सगळ्यात लागणारी गोष्ट म्हणजे आठ वर्षांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर खरोखर गेला असता तरी तो बहुधा वॉरंटीत मिळाला असता. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात. गॅस आणि मजुरी वेगळी पडते, पण सुटा भाग फुकट. कार्ड कपाटात फाइलला होतं. कुणी काढून पाहिलं नाही, आणि मेकॅनिक तरी कशाला सांगेल?

तिसरी फेरी. अकरा दिवसांनी तेच. “काका, बॉडीत लीकेज आहे. आता यात पैसे घालू नका, नवीनच घ्या. मी बाराशे देतो, टेम्पोही माझाच.” गेला फ्रीज. असा फ्रीज वर्कशॉपवर दोन-चारशे रुपयांच्या बायमेटल-फ्यूजच्या सेटने उभा राहतो आणि सेकंड-हँडच्या दुकानात चांगल्या किमतीला लागतो. असल्या मेकॅनिकची हुशारी बिल फुगवण्यात नसतेच. दोन वेळा दुरुस्तीचे पैसे घेऊन तिसऱ्यांदा मालच घेऊन जायचा, हा खरा धंदा.

आता हे घरच्या घरी कसं ओळखायचं. फ्रीज रिकामा करून प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा, पूर्ण २४ तास थांबा. मग दारं लावून सुरू करा. दुसऱ्या दिवसापर्यंत वर-खाली दोन्हीकडे छान गारवा आला आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तीच तक्रार परत आली, तर दोष डीफ्रॉस्टच्या साखळीत आहे. गॅस आणि कॉम्प्रेसर ठीक आहेत. उलट चोवीस तासांनी फ्रीजरमध्येही पाणी गोठत नसेल, तर गॅस, रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) किंवा कॉम्प्रेसरकडे बघायचं. बर्फ सुरी किंवा पेचकसने कधीच खरवडू नका. कॉइल ॲल्युमिनियमची असते, एक टोचा आणि गॅस खरोखरच जातो. शिवाय आर-६००ए ज्वलनशील आहे.

मेकॅनिक आला की मागची पट्टी तुमच्या समोर उघडायला लावा आणि कॉइलचा फोटो काढा. पूर्ण कॉइल वरपासून खालपर्यंत जाड बर्फात बुडालेली असेल तर डीफ्रॉस्ट बंद. बर्फ फक्त पहिल्या एक-दोन वळशांवर आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी. एवढा एक फोटो हजारो रुपये वाचवतो.

मल्टिमीटरने (जोडणी शाबूत असेल तर बीप देणारं यंत्र) तपासताना एक चलाखी होते. बायमेटल काढून त्याची दोन टोकं मीटरला लावतात, बीप येत नाही, “बघा, उडालाय”. बायमेटल गार असतानाच जोडलेला असतो, खोलीच्या तापमानाला तो उघडाच असणार. खरी तपासणी फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवून करायची. थर्मल फ्यूज मात्र कधीही बीप द्यायलाच हवा. हीटरचा रोध (रेझिस्टन्स) मोजता येतो: १५० वॉटचा असेल तर सुमारे ३५० ओम. काहीच आकडा न आला तर हीटर तुटलाय.

कॉम्प्रेसर ‘गेला’ म्हटलं की साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला रोध दोन-दोनच्या जोडीने मोजून दाखवायला सांगा. दोन जोड्यांच्या आकड्यांची बेरीज तिसऱ्या, सर्वांत मोठ्या जोडीइतकी यायला हवी, आणि कोणत्याही पिनपासून लोखंडी बॉडीला काहीही लागता कामा नये. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही जोड्या जवळपास सारख्या येतात. दर काही मिनिटांनी ‘टक’ होऊन बंद पडत असेल तर आधी रिले आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसर फार तापला तर वीज तोडणारा भाग) बदलून बघतात, ते दोन्ही शेकड्यांत मिळतात. काढलेला रिले हलवून आत खुळखुळ वाजलं तर समजा, तोच गेला. या पायऱ्या गाळून जो थेट कॉम्प्रेसरवर येतो त्याला दारातूनच परत पाठवायला हरकत नाही, व्हिजिटचे पैसे देऊन.

गॅस खरोखर भरायचा असेल तर काम लांबतं. आधी नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने गळती शोधायची, ती बंद करायची, फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवायचा आणि मग काट्यावर तोलून, मागच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरायचे. आर-६००ए घरगुती फ्रीजमध्ये साधारण ४० ते ६० ग्रॅम लागतो. बिलावर ‘अर्धा किलो’ असेल तर तो फ्रीजमध्ये गेलेला नाही. पंप नाही, काटा नाही, वीस मिनिटांत काम खलास, तर गॅसही भरलेला नाही. आणि गॅस वापराने संपत नसतो. गळती सापडली नाही तर भरणं व्यर्थ.

नवीन घेणं बरोबर ठरतं अशा वेळाही आहेत. गळती भिंतीच्या फोममधल्या नळीत असेल तर बाहेरून पॅच मारून आणखी पैसे घालवू नयेत. बारा-चौदा वर्षांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर बॉडीला शॉर्ट लागत असेल तेव्हाही तेच. विजेचा हिशेब मात्र आधी करा: स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. जुन्या-नव्यात १०० युनिटांचा फरक आणि युनिट ९ रुपये धरलं तर वर्षाला ९०० रुपये वाचतात. तेवढ्यासाठी पंचवीस हजार कुणी घालत नाही.

आणि तो नंबर. नेटवर पहिला दिसतो तो बऱ्याचदा कंपनीचा नसतो. नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा फ्रीजच्या स्टिकरवरून घ्या. फोनवर ‘नोंदणीसाठी पाच रुपये भरा, हे ॲप टाका’ म्हणाले तर ते स्क्रीन बघणारं ॲप असतं, फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. कामाबद्दलची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण तिथे कागद लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी कॉम्प्रेसरच्या स्टिकरचा, त्यावरच्या सिरीयल नंबरासकट, फोटो काढून ठेवा, काढलेला जुना भाग घरीच ठेवून घ्या, आणि बिलावर ‘गॅस चार्जिंग’ असं मोघम न लिहिता गॅसचं नाव, ग्रॅम आणि किती दिवसांची गॅरंटी हे तिथेच उभं राहून लिहवून घ्या.