राधानगरी बॅकवॉटरचं होमस्टे, डे पॅकेजचा रिव्ह्यू

डिसेंबरात आई, दोन्ही पोरं, दादा वहिनी असं सगळं खटलं घेऊन राधानगरीच्या पुढं दाजीपूर रोडला एका होमस्टेवर दिवसभर पडून आलो, नाव मुद्दाम लिहित नाही कारण थोडं नावं पण ठेवणाराय 😄

आधी जागा. लई भारी. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून मोठं झालेल्या माणसाला वाटतं तळं म्हणजे काय ते आपल्याला माहितीय, पण इथं पाण्याच्या पलीकडं एक बिल्डिंग नाही, नुसते डोंगर आणि गच्च झाडी, पाणी तर इतकं शांत की आईनं आल्या आल्या चटई टाकली ती जेवायलाच उठली. शाहू महाराजांच्या धरणाचं पाणी हे, पावसाळ्यात भरलं की 7 स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात ते हेच धरण. पोराला हे सांगितलं तर म्हणतो बटण कुणी दाबलं. बटण नाही रे बाबा, पाण्याच्या दाबानंच उघडतात, मग अर्धा तास त्याच्यावरच प्रश्न.

जेवण चुलीवरचं. तांबडा पांढरा ठीक होता, पांढरा जरा पातळ, गावात याच्यापेक्षा चांगला मिळतो. पण नाचणीची भाकरी, खर्डा आणि घरचं दही, नादखुळा! दादा मटण ठेवून खर्डाच ओढत होता.

आता तक्रार. पॅकेजमध्ये 'ॲक्टिव्हिटी' म्हणून लिहिलंय ते म्हणजे एक झोपाळा आणि हवा गेलेला बॉल. ते चालतंय, पण शेजारी आलेल्या ग्रुपनं स्पीकर लावला तर मालक नुसतं हसतोय. अहो अभयारण्याच्या दारात बसलोय आपण, 2012 ला जागतिक वारशात गेलेलं जंगल हे, इथं डीजे कशाला? शेवटी वहिनीनं जाऊन दम भरला तेव्हा बंद झाला. मालकाला माझं एकच सांगणं, स्विमिंग पूल बांधणार म्हणताय ते नका बांधू, इथं लोक काही न करायला येतात.

पोरांना पाण्यात अजिबात सोडू नका, काठाला गाळ आहे आणि खोली एकदम वाढते. गवा दिवसा दिसला नाही, पण परत येताना अंधारात गाडी सावकाश चालवा, रस्त्यावर आडवा आला तर हॉर्न न मारता थांबायचं. दाजीपूरची जंगल सफारी वेगळी, तिचं तिकीट फॉरेस्टवाल्यांकडं, पॅकेजमध्ये धरू नका.

रेंज नाही म्हणून कॅश ठेवा. आणि आदल्या दिवशी फोन करून मटण की कोंबडी ते सांगून ठेवा, ऐनवेळी गेलात तर पिठलं भाकरी मिळंल, तीबी काय वाईट नसती म्हणा.