पाणी कोठे मुरत होते: जुन्या कॅराव्हॅनच्या खरेदीत झालेली फसवणूक

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांच्या मनात जुनी कॅराव्हॅन घेण्याचे आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मोटारीमागे जोडून न्यायच्या या घरात हिवाळ्यात खिडक्यांना घाम सुटतो, गाद्यांखाली ओल येते आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते, हे येथे सर्वांना ठाऊक असते. नेमका याच गोष्टीचा आडोसा घेऊन आम्हाला आतून कुजलेली गाडी विकण्यात आली आणि पुढे त्याच बुरशीवर उपचार करण्याच्या नावाखाली आमच्याकडून पुन्हा पैसे उकळण्यात आले.

आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. माझ्या सासूबाई उन्हाळ्यात पुण्याहून येतात. त्यांना दमा आहे. बुरशीच्या कणांनी दमा उसळतो, म्हणून गाडी पाहायला गेल्यावर मी पहिला प्रश्न ओलीविषयीच विचारला. जाहिरातीत गाडी घरगुती, एकाच कुटुंबाने वापरलेली असल्याचे म्हटले होते. विकणारे गृहस्थ मध्यमवयीन, अतिशय नम्र बोलणारे होते. वडील थकले, आता त्यांना गाडी ओढत नेणे झेपत नाही, म्हणून विकायला काढली, असे त्यांनी सांगितले. तुम्हाला थंडी वाजू नये म्हणून हीटर लावून ठेवला आहे, असेही ते म्हणाले. आत ऊब होती, मंद सुवास होता आणि भिंतींवरचा कागद कोठेही डागाळलेला नव्हता. त्यांनी एका वर्कशॉपचा ओल-तपासणीचा अहवाल दाखवला. गाडीच्या आराखड्यावर जागोजागी भिंतीतील ओलीचे आकडे लिहिलेले होते आणि एकही आकडा १५ टक्क्यांच्या वर नव्हता. खिडकीवर कोरलेला, गाडीच्या ओळखीचा १७ अक्षरांकांचा क्रमांक अहवालातील क्रमांकाशी जुळत होता.

पुढच्या खिडकीखालच्या खणात मात्र काळे ठिपके दिसत होते. त्यावर हात ठेवून त्यांनी स्वतःहूनच सांगितले की, ही झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ आहे, प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये असते, छताची खिडकी किलकिली ठेवा आणि अधूनमधून पुसून घ्या. एवढ्यावर न थांबता त्यांनी आपला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील ओल शोषून घेणारे यंत्र, आम्हाला गाडीबरोबर फुकट दिला.

त्यांनी वाफेविषयी सांगितलेले सर्व खरे होते आणि म्हणूनच ते घातक होते. दोन माणसे बंद गाडीत रात्रभर झोपली की श्वासातून आणि त्वचेतून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत मिसळते. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, त्यामुळे शेगडीवर चहा केला तरी काचा धुरकटतात. आतली हवा २० अंशांवर आणि तिची आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी जमू लागते. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे आधी उलटे वाटते, कारण तेथे ओल बाहेरच्या हवेतून घरात येते आणि खिडकी उघडून काहीही साधत नाही. येथे हिवाळ्यात बाहेरची हवा कितीही ओलसर भासली तरी तिच्यात पाणी थोडेच असते. ५ अंशांची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून खिडकी उघडा हा सल्ला शास्त्राला धरून आहे. मात्र तो श्वासाच्या वाफेवरचा इलाज आहे, छताच्या सांध्यातून झिरपणाऱ्या पावसावरचा नव्हे.

पैसे बँकेतून थेट हस्तांतरित करण्याचा त्यांचा आग्रह होता. घरगुती व्यवहारात ते स्वाभाविक वाटते.

शरद ऋतूतील पाऊस सुरू झाला आणि गाडी आमच्या दारात नुसती उभी असतानाही पुढच्या उजव्या कोपऱ्यात बुरशी पुन्हा उगवली. आत कोणी झोपत नव्हते, शेगडी पेटत नव्हती, छताची खिडकी किलकिली होती आणि डीह्युमिडिफायर चालू होता. तरीही तोच कोपरा, तोच कुबट वास आणि पाऊस पडून गेल्यावर अधिक गडद होणारे तेच ठिपके. आम्ही विकणाऱ्याला फोन केला. त्यांनी अत्यंत सहानुभूतीने ऐकून घेतले आणि अशा कामातला एक जाणकार सुचवला.

हा जाणकार पांढरा पोशाख व तोंडावर मुखवटा चढवून आला, यंत्राने धुके फवारले, भिंतीला ब्लीचसारख्या वासाचे काहीतरी फासले, वर पांढरा थर दिला आणि पाच वर्षांची लेखी हमी हातात ठेवून ४८० पौंड घेतले. सुदैवाने हे पैसे क्रेडिट कार्डाने दिले गेले. जाताना त्याने जमिनीतील आणि शेगडीजवळील वायुवीजनाच्या जाळ्या चिकटपट्टीने बंद केल्या आणि ओल आत शिरण्याचा मार्ग बंद केला, असे आम्हाला सांगितले. या एका कृत्याबद्दल माझ्या मनात आजही संताप आहे. त्या जाळ्या गॅसची उपकरणे असलेल्या गाडीत सुरक्षिततेसाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात; त्या बुजवल्या तर गॅस गळल्यास तो खाली साचून राहतो आणि शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत नाही. त्या गाडीत लहान मुले आणि एक वृद्ध दमेकरी झोपणार होती. कोणी कितीही तज्ज्ञतेचा आव आणून सांगितले, तरी त्या जाळ्यांना हात लावू देऊ नये.

थोड्याच आठवड्यांत पांढऱ्या थरावर पिवळसर कडा उमटली. तेव्हा आम्ही कॅराव्हॅन दुरुस्तीच्या मान्यताप्राप्त योजनेत नोंदलेले एक इंजिनिअर घरी बोलावले. त्यांनी दोन सुयांचे मीटर भिंतीत टोचत आकडे वाचायला सुरुवात केली. मागच्या बाजूला १२, १४. मधल्या भागात १६. आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यात एकदम ३५ च्या पुढे. साधारणपणे १५ पर्यंतचा आकडा चांगला मानतात, २० च्या वर गेला की तपासणी हवी आणि ३० च्या वर लाकूड कुजले असण्याची शक्यता धरावी लागते. त्यांनी मला खिडकीच्या कडेखाली अंगठा दाबायला सांगितला. भिंतीवरचा कागद जागचा हलला नाही, पण त्याच्यामागचे प्लायवुड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे आत गेले. कागदाची कड उचलल्यावर खाली जुना, काळा पडलेला कागद निघाला. त्याच्यावरच नवा चिकटवलेला होता.

बाहेरून तंबू अडकवायची जी लांब पट्टी असते, तिच्या खालचे मूळ सीलंट वाळून तडकले होते आणि वरून स्नानगृहात वापरतात ते सिलिकॉन ओढून फट लपवली होती. या गाड्यांच्या सांध्यांत कायम मऊ राहणारे ब्युटिल सीलंट लागते, कारण रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सांधे हलत राहतात. सांधा उघडला की पावसाचे पाणी बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यामागे उतरते, थर्माकोल आणि लाकडी चौकट यांच्यात मुरते, आणि आतल्या भिंतीवर डाग दिसेपर्यंत चौकट संपलेली असते.

मग तो अहवाल? वर्कशॉपला फोन केल्यावर उलगडा झाला. त्यांच्या नोंदीत त्या क्रमांकाची गाडीच नव्हती. दुसऱ्या एका गाडीच्या खऱ्या अहवालाच्या प्रतीवर क्रमांक बदलून आमच्या गाडीचा घातला होता. खणाच्या तळाशी राहून गेलेल्या एका जुन्या पावतीवरून आम्ही आधीच्या मालकीणबाईंपर्यंत पोचलो. त्या विकणाऱ्याच्या कोणीही नव्हत्या. त्यांनी गळती असल्याचे स्पष्ट सांगून अगदी कमी किमतीत गाडी त्याला विकली होती, आणि तसे त्यांनी आम्हाला लेखीही दिले. त्याच फोन क्रमांकावरून इतरही कॅराव्हॅन विकल्या जात असल्याच्या जाहिराती आम्हाला सापडल्या. तो गृहस्थ व्यापारी होता आणि खासगी विक्रेत्याचे सोंग घेऊन वावरत होता.

या सोंगामागे हिशोब आहे. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते. खासगी विक्रेत्याला हे लागू नाही. त्याने वस्तूविषयी खोटे सांगितले, हे खरेदीदारालाच सिद्ध करावे लागते. व्यापाऱ्याने ग्राहक असल्याचे भासवणे २००८ च्या नियमांनी निषिद्ध केले होते आणि एप्रिल २०२५ पासून ती बंदी २०२४ च्या नव्या कायद्याखाली चालू आहे. अशी तक्रार सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली की ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्थानिक सरकारी खात्याकडे, पोचते. आम्ही ती नोंदवली.

गाडी पाहायला जाल तेव्हा ती तापवलेली असेल तर आनंद मानू नका. काही दिवस हीटर आणि डीह्युमिडिफायर लावून ठेवला की वरचा थर सुकतो आणि मीटरही खालचे आकडे दाखवते. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर, थंड गाडी पाहण्याचा आग्रह धरा. अहवाल दाखवला तर त्यावरचा नव्हे, तर स्वतः शोधलेला वर्कशॉपचा क्रमांक फिरवून खात्री करून घ्या. आणि तुमचा स्वतःचा माणूस मीटर घेऊन आल्याखेरीज पैसे देऊ नका. त्याची फी नंतरच्या खर्चापुढे काहीच नाही. वाफेची ओल बहुधा काचांवर, गाद्यांमागे आणि बंद कपाटांत पसरलेली असते आणि हवा खेळती केली की ओसरते. गळतीची ओल एका जागी घट्ट बसते, सांध्याजवळ असते आणि पावसाबरोबर वाढते. शंका असल्यास स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवावा: पाणी फॉइलच्या बाहेरच्या बाजूला जमले तर ते खोलीतल्या हवेचे, भिंतीकडच्या बाजूला जमले तर ते भिंतीतून येणारे. ही चाचणी विकणाऱ्याच्या अंगणात करणे अवघड आहे. पण घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात केली तर ३० दिवसांची मुदत हातची जात नाही.

उपचाराचे ४८० पौंड आम्हाला परत मिळाले. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या खरेदीत कार्ड देणारी कंपनीही जबाबदार असते आणि किमतीचा काही भाग जरी क्रेडिट कार्डाने दिला असला तरी हे संरक्षण मिळते. व्यापाऱ्याकडून गाडी घेताना निदान इसार तरी क्रेडिट कार्डाने द्यावा, तो याच कारणासाठी. गाडीच्या किमतीसाठी मात्र दावा दाखल करावा लागला. मध्यस्थाने दोन्ही बाजूंशी फोनवर बोलून तडजोड घडवली, आणि मालकीणबाईंचे पत्र व वर्कशॉपचा खुलासा समोर ठेवल्यावर विक्रेत्याने निम्म्याहून थोडी अधिक रक्कम परत करण्याचे मान्य केले.

गाडी आम्ही ठेवली नाही. चौकट बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीजवळ जात होता. जुन्या गाड्या उघडून पुन्हा बांधणाऱ्या एका कारागिराला ती दिली. त्याला इंजिनिअरचा संपूर्ण अहवाल दिला आणि विक्रीच्या पावतीवर पुढचा उजवा कोपरा कुजलेला असल्याचे स्पष्ट लिहून दोघांनी सह्या केल्या.