मकरपुऱ्याच्या टेस्ट लॅबमधून लिंक्डइनवर : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आमच्या ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या युनिटचं टेस्टिंग खातं वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतून हालोलला हलवायचं ठरलं. घरून चाळीसेक किलोमीटर, शिफ्ट सकाळी सातची, आणि घरी सासऱ्यांना दोन वेळा हाताने भरवावं लागतं. मी नाही म्हटलं. २००६ मध्ये डिप्लोमा करून तिथे लागले होते. एकोणीस वर्षं एकाच ठिकाणी काम केलेल्या माणसाकडे बायोडेटासुद्धा नसतो, तसा माझ्याकडेही नव्हता.

आमच्याकडे नोकऱ्या ओळखीने लागत आल्या. सासरे कोयलीच्या रिफायनरीत होते; दांडिया बाजारात कुणाच्या तरी ओसरीवर विषय निघायचा, कुणी तरी म्हणायचं, 'पाठवून द्या मुलाला.' मीही आधी तेच केलं. नातेवाईक, सोसायटीतल्या बायका, मंडळातली माणसं, सगळ्यांना सांगून झालं. सगळ्यांनी मनापासून ऐकलं. पण ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग म्हणजे काय हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, मग ते तरी कुणाला काय सांगणार?

कलाभवनात, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेली माझी भाची म्हणाली, "मावशी, लिंक्डइनवर ये." नोकरी-धंद्याच्या ओळखींची ही साइट मे २००३ मध्ये सुरू झाली, म्हणजे माझ्या नोकरीहून तीन वर्षांनी मोठी. इतकी वर्षं ती माझ्यासाठी नाही असंच मी धरून चालले होते. आठ महिने रोज वापरल्यावर लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या, कारखान्यात काम केलेल्या बायकांसाठी असं काही लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी चूक झाली. खातं उघडताना फोनमधले नंबर जोडायचे का असं विचारलं जातं. मी न वाचता 'हो' केलं आणि पुढे आलेल्या यादीत भराभर दाबत गेले. नळवाला, मुलाच्या रिक्षाचे काका, रावपुऱ्यातले सोनार, सगळ्यांना माझ्या नावाने निमंत्रणं गेली. पाठवलेल्या विनंत्यांची यादी 'माय नेटवर्क'मध्ये मिळते आणि तिथून एकेक मागे घेता येते; जोडलेले नंबर सेटिंग्जमध्ये जाऊन काढून टाकता येतात. विनंती मागे घेतली की त्याच माणसाला सुमारे तीन आठवडे परत पाठवता येत नाही, तेव्हा खऱ्या ओळखीच्या माणसांची विनंती घाईघाईत काढू नका. नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं : ती पायरी सोडून द्या. माणसं एकेक करून, नाव आठवून शोधा.

फोटोवरून घरात दोन दिवस बोलणं चाललं. सासूबाईंचं म्हणणं, "अगं, स्थळाला द्यायचा असतो तसा फोटो जगाला कशाला दाखवायचा?" त्यांची काळजी खोटी नव्हती. शेवटी भाचीने गच्चीवर, सकाळच्या उजेडात, साध्या सुती कुर्त्यावर काढला. फोटो कुणाला दिसावा हे सेटिंगमध्ये ठरवता येतं, ते त्यांना दाखवल्यावर त्या निवांत झाल्या. नको ते निरोप मला आले, खोटं सांगत नाही. 'हाय डियर' लिहिणाऱ्यांना उत्तर न देता ब्लॉक करते आणि रिपोर्टही करते. ते दोन मिनिटांत होतं आणि समोरच्याला त्याची सूचना जात नाही.

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे नावाखालची ओळ. तिला हेडलाइन म्हणतात, २२० अक्षरांची मर्यादा असते. मी आधी इंटरनेटवरून उचललेलं काहीतरी लिहिलं होतं : कष्टाळू, प्रामाणिक, नव्या संधीच्या शोधात. दोन महिने ती ओळ तशीच होती. आपण लोकांच्या शोधात किती वेळा आलो याचा आकडा साइट दाखवते. माझा आठवड्याला तीन-चारच्या वर जात नव्हता. 'कष्टाळू' शब्द टाकून टेस्टिंग इंजिनिअर कोण शोधतो? मग एका रविवारी मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक जॉबचं, म्हणजे टेस्टला आलेल्या ट्रान्सफॉर्मरचं, रेटिंग, तारीख, कोणत्या टेस्ट, काय अडचण आली, हे मी पहिल्या दिवसापासून स्वतःसाठी टिपून ठेवत आले आहे. त्या वह्यांवरून लिहिलं : ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग, रूटीन आणि टाइप टेस्ट, आयएस २०२६ आणि आयएस ११८०, ३३ केव्हीपर्यंत, वडोदरा. एवढंच. (आयएस म्हणजे भारतीय मानकं, केव्ही म्हणजे हजार व्होल्ट.) महिन्याभरात शोधात येण्याचा आकडा तिसावर गेला.

'अबाउट'मध्ये २,६०० अक्षरं बसतात, पण आधी दिसतात फक्त पहिल्या दोन-तीन ओळी. बाकीचं वाचायला दाबावं लागतं. म्हणून कामाचं वर हवं. मी रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स, नो-लोड आणि लोड लॉस, इंड्यूस्ड ओव्हरव्होल्टेज अशी टेस्टची नावंच लिहिली. टेंपरेचर राइज टेस्टबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिली, कारण ती करताना मी रात्रीच्या रात्री लॅबमध्ये काढल्या आहेत : दर तासाला टॉप ऑइलचं तापमान नोंदवायचं, ते स्थिरावेपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि सप्लाय तोडल्या क्षणापासून वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजायची धावपळ. एर्डा या इथल्या इलेक्ट्रिकल संशोधन आणि चाचणी संस्थेत शॉर्ट सर्किट टेस्टला जॉब घेऊन जायचो, तेही लिहिलं. ग्राहकांची नावं आणि टेस्ट सर्टिफिकेटचे फोटो मात्र टाकले नाहीत. नोकरी सुटली तरी ती माहिती त्यांची आहे.

इंटरफेस मराठीतही करता येतो. मी सगळी गोपनीयतेची सेटिंग्ज मराठीत बसून वाचली, म्हणून ती नीट कळली. प्रोफाइल मात्र इंग्रजीतच ठेवलं, कारण आमच्या धंद्यात शोधणारा इंग्रजी शब्द टाकूनच शोधतो.

दोन सेटिंग्ज नोकरीत असतानाच तपासून घ्यावीत अशी आहेत. एक, तुम्ही कुणाचं प्रोफाइल उघडलं की त्याला तुमचं नाव दिसू शकतं. प्रायव्हेट मोड लावता येतो, पण मग फुकटच्या खात्यात तुमचं प्रोफाइल कुणी पाहिलं हे तुम्हालाही दिसत नाही. दुसरं, 'ओपन टू वर्क', म्हणजे काम हवं असल्याची खूण. फोटोभोवतीची हिरवी पट्टी सगळ्यांना दिसते. फक्त रिक्रूटरना दिसेल असाही पर्याय आहे. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न होतो, पण खात्री दिली जात नाही, हे तिथेच लिहिलेलं असतं. मी राजीनामा दिलेला होता, म्हणून हिरवी पट्टी लावली आणि मला तिची लाज वाटली नाही.

नोकऱ्या शोधताना 'ट्रान्सफॉर्मर' टाकलं की अर्धी पानं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नोकऱ्यांची यायची, कारण त्या क्षेत्रातही २०१७ पासून ट्रान्सफॉर्मर नावाची रचना आहे. 'ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग' हे दोन शब्द अवतरणचिन्हांत टाकायला भाचीने शिकवलं, तेव्हा पान सरळ झालं. 'इझी अप्लाय'ने मी त्रेचाळीस अर्ज केले. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. बटण दाबणं जितकं सोपं तितके दाबणारे जास्त. शंभराहून अधिक अर्ज असं लिहिलेल्या जागेवर एकोणीस वर्षांचा अनुभव वाचायला कुणाला सवड असणार? फेब्रुवारीत मी ते बटण सोडून दिलं. प्रीमियमचा एक महिना फुकट मिळाला, तोही घेऊन पाहिला. माझं प्रोफाइल पाहणाऱ्यांची पूर्ण यादी बघायला बरी वाटली. मुदत संपायच्या आदल्या दिवशी आठवणीने बंद केला. पैसे भरावेत असं त्यात मला काही सापडलं नाही.

जानेवारीत एक निरोप आला. आखातातल्या कारखान्यात टेस्टिंग सुपरवायझर हवी, पगार इथल्या चौपट. दोन निरोपांनंतर तो माणूस व्हॉट्सॲपवर या म्हणाला, मग मेडिकल आणि व्हिसाच्या नावाखाली साडेअठरा हजार मागितले. पैसे हातात नव्हते असं नाही, आणि घरातली परिस्थिती अशी होती की मन ओढ घेत होतं. मी विचारलं, "तुमच्याकडचा इंपल्स जनरेटर किती केव्हीचा आहे?" वीज पडल्यासारखा व्होल्टेजचा झटका देऊन ट्रान्सफॉर्मर तपासायचं हे यंत्र. उत्तर आलं, "येस मॅडम, ऑल फॅसिलिटी अव्हेलेबल." ज्या कारखान्याला टेस्टिंग सुपरवायझर हवी, तिथला माणूस या प्रश्नाला असं उत्तर देत नाही. मी तिथेच थांबले. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारे एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेले असावे लागतात, ती यादी कुणीही पाहू शकतं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर लगेच फोन करायचा. तेव्हापासून मी नावापुढची पडताळणीची खूण बघते. आपल्याकडे ती आधार आणि डिजिलॉकरवरून फुकट मिळते, मीही घेतली. पण त्या खुणेने माणूस खरा असल्याचं कळतं, नोकरी खरी असल्याचं कळत नाही. त्यासाठी आपल्या कामातला एक नेमका प्रश्न विचारावा.

खरं काम झालं ते मार्चमध्ये. वहीत २०१४ ची एक नोंद दिसली. एका वीज कंपनीचे इन्स्पेक्टर साहेब लॉट तपासायला आले होते आणि ६३ केव्हीएचा एक जॉब लोड लॉस, म्हणजे लोडवर वाया जाणारी वीज, जास्त म्हणून त्यांनी बाजूला काढला होता. आकडा मला पटत नव्हता. रात्री साडेनऊला आम्ही दोघांनी सगळी जोडणी पुन्हा तपासली, तेव्हा सीटीची, म्हणजे करंट मोजायला लावतात त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची, एक लीड (वायर) चुकीच्या टॅपवर होती. जॉब पास झाला. वर्षातून दोनदा यायचे, चहा घेऊन जायचे, एवढाच आमचा संबंध. मी त्यांना शोधलं. फुकटच्या खात्यात महिन्याला मोजक्याच विनंत्यांसोबत चिठ्ठी जोडता येते, त्यातली एक त्यांच्यासाठी वापरली. नोकरीचं काही लिहिलं नाही. ती रात्र, तो जॉब, ती लीड, एवढंच लिहिलं.

अर्ध्या तासात उत्तर : "बेन, तमे हजी त्यां ज छो?"

अजून तिथेच आहात का, एवढाच प्रश्न. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून मी तो तीनदा वाचला. घरच्यांना इतक्या वर्षांत जे सांगता आलं नव्हतं, ते या माणसाला सांगावंच लागणार नव्हतं. त्याने माझं काम डोळ्यांनी पाहिलं होतं. ते आता निवृत्त आहेत आणि एका थर्ड पार्टी इन्स्पेक्शन, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने माल तपासणाऱ्या, संस्थेला सल्ला देतात. त्या संस्थेच्या क्वालिटी प्रमुखांचं नाव मी आधीही पाहिलेलं होतं, पुढे 'थर्ड' लिहिलेलं. साहेबांनी माझी विनंती घेतल्यावर तिथे 'सेकंड' आलं, म्हणजे मधे आता एकच माणूस. साहेबांनी दोन ओळी लिहून आमची गाठ घालून दिली.

जवळच्यांपेक्षा दूरच्या ओळखी नोकरीला जास्त उपयोगी पडतात, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याच साइटवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीचा अभ्यास आला, त्यातही फार जवळच्या नव्हे आणि फार दूरच्याही नव्हे, अशा मधल्या ओळखी कामी आल्याचं दिसलं. भाचीने मला हे नंतर सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे साहेबांचा चहाचा कप आला.

मे महिन्यापासून मी त्या संस्थेसाठी महिन्याला दहा-बारा दिवस टेस्ट विटनेस करायला, म्हणजे समोर उभं राहून टेस्ट नीट होते का ते बघायला, जाते : वाघोडिया, सावली, कधी मकरपुरा. पगारी नोकरी नाही, रोजावर पैसे मिळतात आणि पावसाळ्यात काम थोडं कमी झालं. पण तारखा मीच ठरवते, सासऱ्यांचं जेवण चुकत नाही, आणि टेस्ट बेंचसमोर मी पुन्हा उभी आहे.

पोस्ट फारशा लिहीत नाही. प्रेरणादायी लिहिणारे तिथे भरपूर आहेत, ते मी वाचत नाही. एकदा लोड लॉस मोजताना सीटीच्या लीडमुळे होणाऱ्या चुकीबद्दल दहा ओळी लिहिल्या, त्याखाली नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरच्या लॅबमधल्या मुलांनी प्रश्न विचारले. त्यांना उत्तरं देण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि फार बरं वाटलं. स्किल्सवर ओळखीपाळखीच्यांनी केलेल्या एन्डॉर्समेंटकडे कुणी बघत असेल असं मला वाटत नाही. साहेबांनी लिहिलेलं चार ओळींचं रेकमेंडेशन मात्र नवीन ठिकाणी दोघांनी वाचून दाखवलं.

युनिटमधले आमचे वाइंडर भाई हालोलला गेले नाहीत. त्यांचं नाव त्या साइटवर कुठेच नाही. त्यांनी गुंडाळलेली कॉइल मी वर्षानुवर्षं टेस्टला लावली, रेशोत बोट ठेवायला जागा नसायची. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, त्यांना इंग्रजी येत नाही आणि फोटो कसा हवा हे विचारायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून रविवारी या, असं सांगितलं. पहिली ओळ मी लिहून ठेवली आहे : डिस्क आणि लेयर वाइंडिंग, ३३ केव्हीपर्यंत, अठ्ठावीस वर्षं, मकरपुरा. वर्षांचा आकडा त्यांना विचारून पक्का करायचा आहे.