‘वरीड’ लिहायचं की ‘कन्सर्न्ड’? काळजीचे इंग्रजी शब्द शेजारी ठेवून बघू

पावसाळ्यात पंचगंगा चढायला लागली की कोल्हापुरात तासातासाला राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारली जाते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्याच वेळी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांतून परदेशी गिऱ्हाइकांना मेल जायला लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि माल जागच्या जागी थांबला. अशा वेळी डिस्पॅचला बसलेल्या पोरापुढं प्रश्न पडतो: ‘वी आर वरीड’ लिहू की ‘वी आर कन्सर्न्ड’? शेजारचा ‘अँक्शस’ सुचवतो, तिसरा म्हणतो, ‘टेन्शन’ लिही की लगा, कळतंय त्यांना.

कळत नाही त्यांना. ते पुढं बघू. आधी माझं मत सांगतो. काळजी लहान की मोठी यावरून हे शब्द निवडायला गेलात तर फसाल. वाचणाऱ्याकडून आपल्याला काय हवंय, त्यावरून शब्द ठरवा.

‘वरीड’ आपल्या मनाची अवस्था सांगतो. ‘वी आर वरीड दॅट द कन्साइनमेंट विल बी लेट’ हे वाक्य जर्मनीतल्या परचेसवाल्यानं वाचलं, तर त्याला एवढंच कळतं की ही मंडळी धास्तावली आहेत. त्याचा माल कधी निघणार, हे त्यात कुठंच नाही. ‘वी आर कन्सर्न्ड अबाउट द डिस्पॅच डेट’ म्हटलं की सूर बदलतो. आमचं लक्ष आहे, हिशेब चाललाय, आता पुढचं ऐका, असा तो सूर. म्हणून ‘कन्सर्न्ड’ लिहायचं तर पुढचं वाक्य तयार पाहिजे: रस्ता सुरू झाला की पहिली गाडी तुमची, किंवा अर्धा लॉट विमानानं पाठवतो. पुढचं वाक्य नसेल तर ‘कन्सर्न्ड’ नुसता कोट घालून उभा राहिल्यासारखा दिसतो.

घरच्या गोष्टीत याच्या बरोब्बर उलट. मित्राची आई सीपीआर रुग्णालयात ॲडमिट आहे आणि तुम्ही त्याला ‘आय ॲम कन्सर्न्ड अबाउट युवर मदर’ लिहिलंत, तर वाक्य चुकीचं नाही, पण त्याला ऑफिसातल्या कागदाचा वास येतो. तिथं ‘आय ॲम वरीड अबाउट हर’ जवळचं वाटतं. आपला जीव खालीवर होतोय हे मित्राला कळू द्यायचंच असतं, गिऱ्हाइकाला नाही.

लिहिण्यापेक्षा वाचताना ‘कन्सर्न’ जास्त गोत्यात आणतो. गिऱ्हाइकाचा मेल येतो: ‘वी हॅव सम कन्सर्न्स रिगार्डिंग द लास्ट लॉट.’ इथला वाचणारा म्हणतो, ‘सम’ लिहिलंय, म्हणजे किरकोळ दिसतंय, सोमवारी बघू. प्रत्यक्षात तिकडं कास्टिंग फोडून बघितलेलं असतं, आत ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, सापडलेल्या असतात आणि रिजेक्शनचा कागद टाइप होत असतो. कामाच्या पत्रव्यवहारात, त्यातही ब्रिटिश माणसाच्या, ‘सम कन्सर्न्स’ ही सभ्य कपड्यातली तक्रार असते. आवाज चढवलेला नसतो, एवढंच. त्याच्या पुढं ‘सीरियस’ लागलं तर साहेबांना फोन लावावा, आणि ‘ग्रेव्ह’ लागलं तर वकिलाला. गिऱ्हाइकानं ‘आय ॲम वरीड’ लिहिलं असेल, तर मात्र ते उलट बरं. तो अजून माणूस म्हणून बोलतोय, अजून सांभाळून घेता येईल.

आता मेल सोडून खासबागेत जाऊ. राजर्षी शाहूंनी बांधलेल्या या मैदानात कुस्ती लागलीय. लाल मातीत उतरण्याआधी पोरगा सारखा हात चोळतोय, पाणी मागतोय आणि पीत नाहीये. तो नर्व्हस. वर बसलेल्या बापाला घोटभर चहा जाईना, तो अँक्शस. घरात थांबलेली आई वरीड. आणि वस्ताद? त्याचं लक्ष पोराच्या डाव्या गुडघ्यावर, कारण गेल्या महिन्यात तो दुखावला होता. वस्ताद कन्सर्न्ड. चौघांच्या काळजीचं कारण एकच कुस्ती, पण शब्दांची अदलाबदल केली की चित्र बिघडतं. वस्तादाला ‘नर्व्हस’ म्हटलंत तर तालमीची अब्रू गेली.

‘नर्व्हस’ला बहुतेक वेळा काहीतरी ठरलेलं लागतं: मुलाखत, तोंडी परीक्षा, स्टेजवरचं भाषण, पाहुणे बघायला येण्याचा कार्यक्रम. ते पार पडलं की तो संपतो. त्यामुळं मुलाखतीत ‘आय ॲम अ बिट नर्व्हस’ म्हणायला काहीच हरकत नाही, समोरचा बहुधा हसून पाणी पुढं करतो. त्याच जागी ‘आय ॲम अँक्शस’ म्हटलंत तर तो जरा थबकेल. ‘अँक्शस’ला तारीख लागत नाही. काय होईल ते माहीत नाही आणि आपल्या हातातही काही नाही, अशा वेळचा तो शब्द. निकाल लागायचाय, पोराचा फोन लागत नाही, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे रात्रीत उघडलेत आणि आपलं घर नदीकाठाला. तिथं ‘अँक्शस’ चपखल बसतो.

‘अँक्शस’ला एक दुसरं तोंडही आहे. ‘अँक्शस टू मीट यू’ म्हणजे भेटायला आतुर. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हे सर्रास दिसतं, आजही चालतं, पण चोखंदळ लोक नाक मुरडतात. सोयरिकीच्या मेलमध्ये ‘वी आर अँक्शस टू मीट युवर फॅमिली’ लिहिणाऱ्यांनी जपून. मुलीकडच्यांना वाटेल, यांना आमच्याबद्दल काहीतरी कानावर आलंय. तिथं ‘ईगर’ घ्या, नाहीतर सरळ ‘लुकिंग फॉरवर्ड’.

‘अँग्झायटी’ या नामाबद्दल मी याहून कडक आहे. ‘आय ॲम अँक्शस’ ही आजची अवस्था झाली. ‘आय हॅव अँग्झायटी’ म्हटलं की ऐकणारा आजार समजतो, आणि त्याचं चुकत नाही. मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निदानग्रंथात सर्वसाधारण चिंताविकाराला किमान ६ महिन्यांची अट आहे: त्या काळात बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी, आणि रोजच्या कामावर तिचा परिणाम. ज्याला हे खरंच आहे त्यानं हा शब्द बिनधास्त वापरावा, लाजायचं कारण नाही. पण उद्या व्हायवा आहे म्हणून ‘अँग्झायटी’ लिहिणाऱ्यानं तो खाली ठेवावा.

जाता जाता एक गंमत. ‘वरी’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता गळा दाबणं. पुढं कुत्रं मेंढराला गळ्याशी धरून झिंजाडतं, त्याला ‘वरी’ म्हणू लागले. हा अर्थ ब्रिटनमध्ये अजून जिवंत आहे. पाळीव जनावरांना कुत्र्यापासून वाचवणाऱ्या तिथल्या १९५३ च्या कायद्यातही हेच क्रियापद आहे. मनाची काळजी हा अर्थ रुळला तो एकोणिसाव्या शतकात. ‘अँक्शस’ लॅटिनमधून आला, आणि त्याच्या मुळाशीही आवळणं, गुदमरवणं आहे. आपल्याकडंही प्रकरण शेवटी ‘गळ्याशी येतं’च. पट्टणकोडोलीच्या धनगराला इंग्रजी शिकवायची वेळ आली तर ‘वरी’पासूनच सुरुवात करावी.

आता ‘टेन्शन’. कोल्हापुरात हा मराठी शब्द आहे आणि मराठीत तो राहू दे, माझी काही तक्रार नाही. पण परदेशी माणसाला ‘देअर इज टेन्शन इन माय फॅमिली’ लिहिलंत तर तो समजेल, घरात भांडणं लागली आहेत. दोन माणसांत, दोन देशांत जी तणातणी असते ती त्यांची टेन्शन. नाहीतर दोरीचा ताण. ‘डोन्ट टेक टेन्शन’ला ‘डोन्ट वरी’ हा साधा पर्याय आहे. ‘आय वॉज टेन्स्ड’ही तिकडं खटकतं, ‘टेन्स’ म्हणा. कामाचा बोजा सांगायचा असेल तर ‘स्ट्रेस्ड’ चालेल. आवळलेल्या स्नायूसारखी अवस्था असेल तर ‘टेन्स’.

उरलेल्यांना फार वेळ नको. ‘अॅप्रिहेन्सिव्ह’ म्हणजे पुढं काहीतरी वाईट येतंय अशी धास्ती. शब्द जड आहे, बोलताना टाळा, अहवालात चालतो. ‘अनईझी’ हा माझा आवडता. कारण सांगता येत नाही पण काहीतरी खटकतंय, त्यासाठी. नवीन भागीदाराबरोबर करार करताना ‘आय फील अनईझी अबाउट दिस क्लॉज’ म्हटलं की आरोपही होत नाही आणि सहीही थांबते. ‘फ्रेट’ म्हणजे बारीकसारीक गोष्टीवरून जीव कुरतडत बसणं. तो दुसऱ्याबद्दल बोलताना बरा वाटतो, स्वतःबद्दल क्वचितच.

अर्ज लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. महापालिकेत, कलेक्टर कचेरीत आपण ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहितो, म्हणजे संबंधित अधिकारी. भारतात ते सगळ्यांना समजतं, बिनदिक्कत लिहा. पण अर्ज वकिलातीत किंवा परदेशी विद्यापीठात जाणार असेल तर ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ असा क्रम ठेवा. विशेषण आधी आलं की तिकडचा माणूस ‘काळजीत पडलेला अधिकारी’ असं वाचू शकतो. पूरग्रस्तांच्या पंचनाम्याचा अर्ज असेल तर दोन्ही अर्थ खरे निघावेत अशी आपली इच्छा असते, ते वेगळं. आणि ‘कन्सर्न्ड विथ’ म्हणजे नुसतं ‘याविषयी’. ‘धिस रिपोर्ट इज कन्सर्न्ड विथ फ्लड लाइन्स’ यात कुणीही काळजीत नाही.

राहिला उत्तराचा प्रश्न. पुराच्या बातम्या बघून परदेशातला ओळखीचा माणूस विचारतो, ‘आर यू ऑल सेफ?’ आपण सद्भावनेनं लिहितो, ‘थँक यू फॉर युवर कन्सर्न’. हे वाक्य ओळखीच्या माणसाला कोरडं वाटू शकतं, आणि वादाच्या मेलमध्ये तर ‘तुमचं तुमच्यापाशी ठेवा’ असंच ऐकू येतं. त्याऐवजी ‘थँक यू फॉर आस्किंग, वी आर फाइन’ पुरेसं आहे. त्यानं उशिरा विचारल्याबद्दल माफी मागितली तर ‘नो वरीज’ लिहा. त्याचा काळजीशी काडीचा संबंध नाही. आपल्या ‘चालतंय की’चा तो भाऊ.