महिनाभर घेतलेला पथ्याचा डबा (डोंबिवली पूर्व), साडेतीन स्टार

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि काकू हाताशी दोन बायका घेऊन घरूनच करतात सगळं, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पण आपल्याकडे "पेशंटचा डबा", "पथ्याचे जेवण" अशा पाट्या गल्लोगल्ली आहेत, तर घेण्याआधी काय विचारायचं ते कळावं म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

माझं ऑपरेशन ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं. म्हणजे चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी नस असते, तिच्यावर आत एक रक्तवाहिनी टेकलेली, ती धडधडली की नस चाळवते आणि गालात करंट बसतो. करंट म्हणजे अक्षरशः करंट, गिझरच्या बटणाला ओल्या हाताने लागतो तसा. दात घासताना, तोंडावर पाणी मारताना, लोकलच्या दारातला वारा लागला तरी. चार वर्षं उजव्या बाजूने. त्यात सुरुवातीला सगळ्यांचं होतं तेच माझं झालं, दाढ दुखतेय समजून दोन रूट कॅनल आणि शेवटी एक चांगली दाढ उपटून झाली तरी करंट तिथेच. मग न्यूरॉलॉजिस्ट, मग कार्बामाझेपिनच्या गोळ्या, त्या वाढत वाढत १००० मिलिग्रॅमपर्यंत गेल्या आणि मी बँकेत काउंटरवर बसून झिंगल्यासारखी पेंगायला लागले, तेव्हा एमआरआय आणि ऑपरेशन. कानामागे कवटीला नाण्याएवढी खिडकी करतात, रक्तवाहिनी नसेपासून सोडवतात आणि मधे टेफ्लॉनची गुंडाळी ठेवतात. हो, तव्याला असतं तेच टेफ्लॉन. ह्यांनी आयसीयूच्या बाहेर आल्या आल्या "आता तुझं डोकं नॉनस्टिक" असं म्हणून घेतलं, मला हसायचीही भीती वाटत होती तेव्हा.

घरी आले सहाव्या दिवशी. मुलगा बंगळूरला, ह्यांना चहा आणि मॅगीच्या पलीकडे काही येत नाही, शेजारच्या वहिनी दोन दिवस देत होत्या पण महिनाभर कोण देणार. तर डबा लावला. दोन वेळचा, दिवसाला २६० रुपये, रविवारी बंद, पैसे आठवड्याचे आगाऊ. दुपारी पावणेएकला सायकलवर एक मुलगा येतो, खालूनच बेल मारतो, डबा लिफ्टमध्ये ठेवून वर पाठवतो (ही आयडिया मला फार आवडली).

आधी चांगलं सांगते. मऊ भात, मेतकूट, वर साजूक तूप, हे त्यांनी पहिल्या दिवशी पाठवलं आणि मी डब्यासमोर बसून रडले. चवीचं काही नव्हतं हो त्यात, चार वर्षांत पहिल्यांदा उजव्या बाजूला घास गेला आणि काहीच झालं नाही म्हणून. तांदळाची उकड तर काय करतात, ताक बेताचं, लसूण ठेचलेली, एक गुठळी नाही. नाचणीची आंबील, दुधी, पडवळ, लाल भोपळा, मुगाची खिचडी आणि कढी. पोट साफ राहायला हवं होतं कारण डॉक्टरांनी सांगितलेलं की महिनाभर कुंथायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, टाके आतून सुटून मेंदूभोवतीचं पाणी झिरपायची भीती असते. हे मी काकूंना बोलले, तर दुसऱ्या दिवसापासून रोज पपईच्या दोन फोडी यायला लागल्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत. याला म्हणतात सर्व्हिस.

आता तक्रार नंबर एक, मीठ. सगळं अळणी. खिचडी अळणी, कढी अळणी, पालकाची भाजी तर गवत. पहिले दोन दिवस मला वाटलं माझीच चव गेली, भूल उतरल्यावर तोंड बेचव असतंच. मग ह्यांनी एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. आता माझी गंमत अशी की त्या कार्बामाझेपिनने रक्तातलं सोडियम खाली जातं, माझं १२६ पर्यंत गेलं होतं, नॉर्मल १३५ च्या वर पाहिजे, आणि डिस्चार्जच्या वेळी जेमतेम १३१. गोळी ऑपरेशन झालं म्हणून एकदम बंद करता येत नाही, हळूहळू उतरवतात, म्हणजे तोपर्यंत सोडियमवर डोळा ठेवायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, तुम्हाला बीपी नाही, मीठ कमी करू नका आणि कोणी कितीही सांगो, उगाच लिटरच्या लिटर पाणी ढोसू नका, मी सांगतो तेवढंच प्या. आणि इकडे मी २६० रुपये देऊन अळणी खातेय!

फोन केला.
"अहो ताई, पेशंटला मीठ कमीच देतात, मी वीस वर्षं डबे देतेय."
"काकू, माझं सोडियम कमी झालंय."
"म्हणजे काय होतं त्याने?"
"काकू, सोडियम म्हणजे मीठच समजा."
पलीकडे जरा शांतता, मग "अगंबाई" आणि मग लगेच, "तुमचं हे गालातल्या करंटचं दुखणं, सलमान खानला झालेलं तेच ना?" हो काकू, तेच. त्या संध्याकाळच्या आमटीला असं काही मीठ होतं की ह्यांनी त्यात पाणी घालून खाल्ली. तिसऱ्या दिवशी जमलं. पण माझं म्हणणं एवढंच की डबा लावताना तुम्ही पत्ता विचारता, वेळ विचारता, कांदा-लसूण चालतो का विचारता, मग आजार काय आहे ते पण विचारा ना. किडनीच्या पेशंटचं पथ्य वेगळं, शुगरवाल्याचं वेगळं, माझ्यासारखीला खाण्याचं बंधनच नाही, फक्त मऊ हवं. सगळ्यांना एकच "पथ्य" कसं चालेल?

तक्रार दोन, मऊ म्हणजे मऊ. पालकाच्या पातळ भाजीत शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ, तीही कचकचीत. एरवी मी ती भाजी वाटीने प्यायले असते. पण चावायची भीती अशी जात नाही. मुलाने धीर द्यायला पाठवलं होतं की ही पद्धत रुजवणाऱ्या जॅनेटा नावाच्या सर्जनच्या टीमने १९९६ साली ११८५ पेशंटांचा हिशोब छापला, १० वर्षांनीही साधारण ७० टक्के लोक गोळीशिवाय बरे होते. मी लगेच उरलेल्या तिसांत स्वतःला बसवलं. आणि शेंगदाणा दाताखाली आला की कान टवकारून वाट बघत बसायचे, आता येईल करंट, आता येईल.

तिसरी खरं तर निम्मी माझीच चूक. ऑपरेशननंतर उजवा ओठ आणि गालाचा एक पट्टा बधिर होता, दाताच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनने होतो तसा, फक्त दोन तासांत उतरत नाही. डबा मस्त गरम येतो, मी कढी वाटीने प्यायले, काही जाणवलं नाही, संध्याकाळी आरशात बघते तर ओठावर फोड. तेव्हापासून आधी डावी करंगळी बुडवून बघायची, मग प्यायची. आणि मोहरी! फोडणीची मोहरी त्या बधिर गालात जाऊन बसायची ते कळायचंच नाही, एकदा दुपारच्या जेवणाची मोहरी रात्री चूळ भरताना बेसिनमध्ये पडली. ह्यांनी ती मला दाखवली, पुराव्यासारखी. काकूंना सांगितलं की मला फोडणी फक्त जिऱ्याची द्या, त्या हो म्हणाल्या आणि चार दिवसांनी परत मोहरी. परत सांगितलं. परत हो. हात वळणावरच जातो त्यांचा, काय करणार.

वेळ दोनदाच चुकली, एकदा पावसात सव्वादोन झाले आणि मला गोळी जेवणानंतर असल्यामुळे बिस्किटांवर घ्यावी लागली. शेवटच्या आठवड्यात मीच म्हटलं की आता पोळी पाठवा, तर पहिल्या दिवशी त्यांनी दुधात कुस्करून पाठवली, वर व्हॉइस मेसेज, "ताई, घाई नको." दुसऱ्या दिवशी सबंध घडीची पोळी आली. मी उजवीकडून खाल्ली, सगळी. सव्वीस जेवणाच्या दिवसांत बिलात एक रुपयाचा घोळ नाही, डबे घासलेले, झाकणाला वास नाही.

परवा वहिनींच्या सासूबाईंसाठी चौकशी केली तर काकूंनी आधी विचारलं, "मीठ कसं द्यायचं?" एक स्टार कापलाय शेंगदाण्यांचा. अर्धा मोहरीचा.