तिसऱ्या बेससाठी आधी कोणाला पाहावं: ब्रूक्स रॉबिन्सन की नोलन अरेनाडो?

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरातलं पोर बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभं राहायला लागलं की क्रिकेटवर पोसलेल्या आईबाबांना प्रश्न पडतो, याला कोणाचा खेळ दाखवायचा? फलंदाजीही जमेस धरायची तर 548 होम रनवाला माइक श्मिट आधी आठवेल. पण निव्वळ क्षेत्ररक्षण शिकायचं असेल, तर माझ्या मते निवड या दोघांतूनच करावी.

या जागेला 'हॉट कॉर्नर' म्हणतात ते उगाच नाही. होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा, 90 फुटांवर असते आणि उजव्या बॅटरने ओढून मारलेला चेंडू सरळ अंगावर येतो. तो अडवला तरी काम संपत नाही, कारण पहिल्या बेसपर्यंतचा थ्रो सुमारे 127 फुटांचा असतो.

रॉबिन्सन 1955 ते 1977 अशी 23 वर्षं एकट्या बाल्टिमोर ओरिओल्सकडून खेळला. 1960 ते 1975 या काळात सलग 16 गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचे वार्षिक पुरस्कार, त्याने मिळवले. आणि हा माणूस पळायला मंद होता, हातही फार जोरकस नव्हता! त्याची सगळी कमाई पहिल्या पावलातली. मऊ हातांनी चेंडू घ्यायचा आणि क्षणभरही न रेंगाळता सोडायचा. एक गंमत सांगतो. तो लिहायचा, जेवायचा डाव्या हाताने, पण थ्रो उजव्याने करायचा. म्हणजे ग्लोव्ह त्याच्या सरावाच्या हातात असायचा.

1970 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना सिनसिनाटीला होता. 3-3 अशी बरोबरी असताना सिनसिनाटीच्या ली मेने तिसऱ्या बेसच्या रेषेलगत सणसणीत फटका मारला. रॉबिन्सनने बेसच्या मागे उलट्या ग्लोव्हने चेंडू अडवला. वेगामुळे तो फाऊल भागात, म्हणजे रेषेबाहेर, ओढला गेला, तिथूनच वळून त्याने फेकलं, आणि एक टप्पा पडून चेंडू पहिल्या बेसवर वेळेत पोचला. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. फेकताना त्याने ताकद लावण्यात वेळ दवडला नाही, टप्पा पडू दिला. लहान मुलाने उचलावी अशी ही गोष्ट आहे.

अरेनाडोचं घडणं वेगळं. शाळेत तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, होता, आणि हा तिसऱ्या बेसवर टिकेल का याबद्दल निवडकर्त्यांना शंका होती. 2013 मध्ये तो कोलोरॅडो रॉकीजकडून आला आणि पहिल्याच वर्षी गोल्ड ग्लोव्ह घेऊन गेला. 2022 पर्यंत, पुढे सेंट लुईस कार्डिनल्सकडे गेल्यावरही, सलग 10. एप्रिल 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फाऊल चेंडूच्या मागे धावत तो मैदानाकडेच्या गुंडाळलेल्या ताडपत्रीवरून प्रेक्षकांत कोसळला, तरी झेल सोडला नाही. उघड्या हाताने उचलून, तोल गेलेला असताना केलेले त्याचे थ्रो पाहून अंगावर काटा येतो.

16 विरुद्ध 10 असा नुसता हिशेब मात्र करू नका. रॉबिन्सनच्या काळी हा मान मतांवरच ठरायचा. 2013 पासून त्यात आकडेवारीचाही सुमारे चौथा हिस्सा धरतात, म्हणजे अरेनाडोची दहाही वर्षं त्या चाळणीतून गेलेली आहेत. जेतेपदं तोलायची तर रॉबिन्सनकडे 1966 आणि 1970 ची आहेत.

पोर पंधरा-सोळाचं असेल, हात दणकट असेल, तर अरेनाडो दाखवा. त्याचे व्हिडिओही ढिगाने मिळतात. पण दहा-बारा वर्षांच्या पोराने त्याची नक्कल केली की पाय जागेवर येण्याआधीच हात फिरतो आणि चेंडू भलतीकडे जातो. त्याच्यासाठी मी निःशंकपणे रॉबिन्सन म्हणेन. 1970 च्या त्या पाच सामन्यांतले तुकडे लावा, आवाज बंद करा आणि पोराला सांगा, चेंडू सोड, त्याच्या पायांकडे बघ.