एकच पॅकेज, सगळ्या चेहऱ्यांना

हे ताईला विचारूनच लिहिते आहे. तिचं एवढंच म्हणणं होतं, "नाव टाकू नको, बाकी सगळं लिही." तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल आणि तिच्या शाळेतल्या दोन शिक्षिका आत्ताच चेहरा तरुण करून देण्याचा दावा करणाऱ्या अशाच एका क्लिनिकमध्ये चौकशी करून आल्या आहेत. तक्रार सुरू असल्यामुळे ताईला फसवणाऱ्या क्लिनिकचं नाव मीही देत नाही. पण फसवायची पद्धत कळली की पाटी कोणतीही असली तरी ती जागा ओळखता येते.

ताई ५२ वर्षांची. नोकरी लागल्यापासून नागपूरहून जवळच्या गावातल्या शाळेत स्कूटीने जाते-येते. स्कार्फ, गॉगल सगळं असतं, पण आपल्याकडचा मे महिना माहीतच आहे, पारा ४५ अंशांच्या घरात. पाळी गेली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच तिचा चेहरा बदलला. गालांवरचा वांग गडद झाला, भुवयांमध्ये उभ्या आठ्या पडल्या, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत घळी उतरल्या, हनुवटीखालची कातडी सैल झाली. त्यात मुलीचं लग्न ठरलं. साखरपुड्याचे फोटो पाहून मला म्हणाली, "मी नवरीची आई दिसून नाही राहिली गं, आजी दिसून राहिली." मला यात काहीच उथळ वाटत नाही. चांगलं दिसावंसं कोणत्याही वयात वाटू शकतं. त्या वाटण्याचा ज्यांनी धंदा केला, त्यांचा मात्र मला राग आहे.

मोबाईलवर 'मोफत त्वचा तपासणी'ची जाहिरात आली आणि ती गेली. पश्चिम नागपुरातलं चकचकीत क्लिनिक. तिथे पांढऱ्या डब्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवायला लावून फोटो काढला. पडद्यावर जांभळट चेहरा आणि त्यावर काळपट ठिपकेच ठिपके. बाजूला आकडा : त्वचेचं वय ६४. ताई हादरली. पण अतिनील प्रकाशातल्या फोटोत कातडीच्या आतलं रंगद्रव्यही उठून दिसतं, त्यामुळे तिशीतल्या मुलीचा चेहराही असाच डागाळलेला दिसतो. आणि त्वचेचं वय म्हणजे काही रक्ततपासणीसारखा वैद्यकीय निकाल नाही, मशीनच्या सॉफ्टवेअरने लावलेला तो एक अंदाज असतो. हे तिला कोणी सांगितलं नाही. काउन्सेलर मुलगी म्हणाली, "मॅडम, आत्ता नाही केलं तर दोन वर्षांत स्किन पूर्ण लटकून जाईल. मग सर्जरीशिवाय इलाज नाही." पॅकेज १,४०,००० चं, आज बुक केलं तर ८५,०००.

ताई म्हणाली, घरी विचारून सांगते. त्यावर मुलगी गोड बोलली, "विचारा ना मॅडम, तोपर्यंत एक फ्री सेशन घेऊन जा." आत नेऊन चेहऱ्याला बधिर करणारं मलम फासलं, वरून पातळ प्लास्टिक गुंडाळलं, चष्मा काढून बाजूला ठेवला. पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहायचं. त्या अवस्थेत मुलगी ताईचा फोन घेऊन आली, "मॅडम, रजिस्ट्रेशनचा ओटीपी आला आहे, जरा फोन उघडून द्या." ताईने बोट लावून दिलं. आधी 'फाइल बनवायला' म्हणून आधार आणि पॅनचे फोटो घेतलेच होते. तो ओटीपी एका फायनान्स कंपनीच्या कर्जाचा होता. १२ हप्ते, महिन्याला सात हजारांवर, प्रोसेसिंग फी वेगळी. पहिला हप्ता कापला गेल्याचा मेसेज आला तेव्हा भाऊजींनी विचारलं आणि घरात पहिल्यांदा हे कळलं. तोंडाला प्लास्टिक गुंडाळलेल्या, चष्मा नसलेल्या बाईकडून ओटीपी काढून घेणं याला मी चोरीच म्हणते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा डिजिटल कर्जाला कूलिंग ऑफची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ताईला कर्जाचा पत्ताच नव्हता, मुदत निघून गेली. म्हणून अशा कोणत्याही जागेतून घरी आल्यावर त्याच दिवशी मेसेज आणि ईमेल तपासा.

पॅकेजमध्ये काय होतं? 'बोटॉक्स फेशियल', 'स्टेम सेल ग्लो', 'कोलॅजन लिफ्ट', पील (रसायन लावून कातडीचा वरचा थर सोलणं) आणि घरी लावायची क्रीम. ही नावं ऐकूनच शंका यायला हवी, पण ती यायला चेहऱ्याचं वय कसं वाढतं हे आधी कोणीतरी सांगितलेलं हवं. ते आम्हाला नंतर मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग ओपीडीत कळलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी गर्दीतही वेळ काढून समजावलं. चेहरा म्हातारा दिसतो ही एक तक्रार वाटते, पण त्यामागे निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो.

भुवयांमधल्या आठ्या स्नायू वर्षानुवर्षं आकसल्यामुळे पडतात. बोट्युलिनम टॉक्सिनचं, म्हणजे बोटॉक्सचं, इंजेक्शन त्या स्नायूला काही काळ सैल करतं. या आठ्यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला २००२ मध्ये मान्यता दिली. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पुरता येतो आणि तीन-चार महिने टिकतो. पण हा प्रथिनाचा मोठा रेणू आहे, वरून चोळून तो कातडीतून स्नायूपर्यंत जात नाही. म्हणजे 'बोटॉक्स फेशियल'मध्ये बोटॉक्सचं काम होऊच शकत नाही. कोलॅजन म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, त्याच्या क्रीमचंही तेच.

गालफडं बसणं आणि घळी पडणं यामागे कातडीच्या खालची चरबी ओसरते, जागा सोडते आणि चेहऱ्याची हाडंही वयाबरोबर झिजतात. तिथे हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे खळगा भरून काढणारं इंजेक्शन, उपयोगी पडू शकतं, पण ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ते विरघळवणारं हायल्युरॉनिडेज हाताशी नसेल तिथे फिलर घेऊच नका. हनुवटीखालची सैल कातडी तर कोणत्याही मलमाने वर जात नाही. मशीनने थोडाफार फरक पडतो, खरा फरक शस्त्रक्रियेने. हे ऐकायला कडू आहे, पण 'लिफ्ट क्रीम'वर हजारो रुपये घालवण्यापेक्षा बरं.

राहिले डाग आणि बारीक सुरकुत्या, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मुख्य गाऱ्हाणं हेच असतं. गोऱ्या कातडीला सुरकुत्या लवकर पडतात, आपल्याला आधी डाग पडतात. याचं मोठं कारण ऊन. उन्हातले यूव्हीए किरण कातडीच्या खोल थरापर्यंत जातात, तिथलं कोलॅजन तोडतात, आणि गाडीच्या काचेतूनही येतात. २०१२ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो छापून आला होता. खिडकीकडचा डावा गाल जाड, सुरकुत्यांनी भरलेला, उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. एकाच माणसाचे दोन गाल! त्यात बाईची पाळी गेली की पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होतं असं सांगतात. ताईचा चेहरा 'एकाएकी' उतरला तो यामुळे. तिच्यात काही बिघडलं नव्हतं.

यावर जे खरंच काम करतं ते स्वस्त आणि संथ आहे. सनस्क्रीन रोज, पुरेसं, आणि उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. ऑस्ट्रेलियात ९०० जणांवर साडेचार वर्षं झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचं वय मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वाढलेलं दिसलं. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन अधिक चांगलं, कारण वांग नुसत्या उजेडानेही वाढतो. आणि रात्री ट्रेटिनॉइन नावाचं मलम, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीने. उन्हाने खराब झालेल्या कातडीवर ते चालतं हे १९८६ पासून अभ्यासांत दिसत आलं आहे. पण सुरुवातीला कातडी सोलते, आग होते आणि फरक दिसायला तीन-चार महिने लागतात. गरोदरपणात ते चालत नाही.

आता ती क्रीम. झाकणाची पांढरी डबी, वर ना नाव, ना घटक, ना बॅच नंबर, ना तारीख. "आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे मॅडम." आठच दिवसांत चेहरा असा उजळला की शाळेत सगळ्या विचारायला लागल्या. लग्नातले फोटोही छान आले. पण ऐन उन्हाळ्यात केलेल्या पीलमुळे गालांवर काळे चट्टे उमटले, मग ते झाकायला तीच क्रीम जास्त लागू लागली. डबी संपली की दोन दिवसांत चेहरा लाल, आग, पुरळ. पुन्हा लावली की शांत. पावसाळ्यापर्यंत गालांवर लाल केशवाहिन्यांची जाळी आणि बारीक लव दिसू लागली.

मेडिकलमधल्या मॅडमनी चेहरा पाहण्याआधी विचारलं, "डबी आणली आहे का?" आणि पाहिल्यावर म्हणाल्या, स्टिरॉइड. असे चेहरे त्यांच्याकडे नेहमी येतात म्हणे. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे स्टिरॉइडच्या मलमाने खराब झालेला चेहरा, असं नावच दिलं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती विनालेबल डब्यांत भरून विकली जातात. झटपट उजळवणाऱ्या डबीत याहून वाईटही असू शकतं. २०२३ मध्ये आपल्या अकोल्यातल्या एका मुलीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांना सूज आल्याची बातमी होती. ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीममध्ये पारा निघाला, तो मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत. अशा क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने बंदी आहे.

आम्ही दोघी क्लिनिकमध्ये जाऊन फाइल मागितली. अर्ध्या तासाने मिळाली. संमतीपत्रावर ताईची सही होती, पण औषधाचं नाव, बॅच नंबर, मात्रा, देणाऱ्याचं नाव हे रकाने कोरे. 'स्टेम सेल ग्लो'चं इंजेक्शन दरवेळी ट्रेमध्ये आधीच भरलेलं यायचं, खोकं तिने कधी पाहिलं नाही. खऱ्या बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, ती तुमच्यासमोर फोडून सलाइन मिसळून भरायला सांगा. फिलरच्या खोक्यात बॅच नंबरचा स्टिकर असतो, तो तुमच्या फाइलमध्ये लागला पाहिजे. 'स्टेम सेल'च्या नावाने काय टोचलं हे तर आजही आम्हाला माहीत नाही. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची वगैरे वस्तू. टोचायची वस्तू त्यात बसत नाही. त्यामुळे "हे कॉस्मेटिक आहे, लायसन्स लागत नाही" असं सुईबद्दल कोणी म्हणालं तर तिथून उठा.

'सर' म्हणून ओळख करून दिलेल्या माणसाच्या पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढंच होतं. एमडी डर्मॅटॉलॉजी, डीडीव्हीएल, त्वचारोगातलं डीएनबी किंवा प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच, यातलं काही पाटीवर आहे का ते बघा आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, पांढरा कोट कोणीही घालतो.

पैसे परत मागितले तर मॅनेजर म्हणाला, "नॉन-रिफंडेबल आहे, फॉर्मवर लिहिलंय." पक्कं बिलही दिलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी केली. प्रकरण सुरू आहे. हप्ते ताई भरतेच आहे, कारण थकले तर सिबिल खराब होईल आणि भाचीच्या लग्नाचं कर्जही अजून डोक्यावर आहे.

चेहरा हळूहळू निवतो आहे. मॅडमनी सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि एक स्टिरॉइड नसलेलं मलम दिलं. ट्रेटिनॉइन आत्ता नाही, पील तर नाहीच. काळे चट्टे जायला काही महिने लागतील आणि लाल जाळी पूर्ण जाईल याची खात्री त्यांनी दिली नाही.

तुमच्या घरात अशी बिनानावाची डबी असेल तर ती फेकू नका, तपासणीला तीच लागते. आणि महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद केल्यावर चेहरा उसळून येऊ शकतो, म्हणून वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. डबी घेऊन नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत जा. ती कशी सोडायची ते तिथले डॉक्टर सांगतील.